अडाण्याची वस्ती

नाना,

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, आणि होतात तेव्हाही तुम्हाला वाचता येत नव्हतं. म्हणजे मुलीनं बापाला लिहिलेलं हे पहिलं पत्र दोन्ही अंगांनी वाया. तरी लिहितेय, कारण समोर एक यादी पडलीय. उद्या सकाळी दहाला ती न्यायला माणूस येणार आहे, आणि तिच्यात चौथ्या ओळीवर तुमची बेअब्रू छापायला निघालीय. ती पुसायची की राहू द्यायची, एवढंच काय ते माझ्या हातात आहे. दुपारची वेळ आहे, मुक्कामाला आलेले लोक गडावर गेलेत, सहापर्यंत कुणी फिरकत नाही. चुलीवर चहाचं आधणसुद्धा नाही. म्हणून बसलेय.

नीट सांगते. कळसूबाईपासून निघून भंडारदरा, रतनवाडी, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई असं करत हरिश्चंद्रगडापर्यंत आठ दिवसांची एक सलग वाट आखायचं चाललंय. तुम्ही जन्मभर अनवाणी तुडवलीत तीच. आता तिला पाट्या लागणार, पुस्तिका निघणार, ती मोबाईलवर दिसणार. प्रत्येक मुक्कामापुढं रकाने आहेत: तंबू किती मावतील, घरात किती जणांची सोय, पाणी कुठल्या महिन्यापर्यंत पुरतं, संडास आहे का, मोबाईल चार्ज होतो का. ते सगळं तपासायचं काम माझ्याकडं आलंय, कारण माझा धंदाच आता तो आहे. माझ्या अंगणात सहा तंबू लागतात, पडवीत दहा गाद्या पडतात, आणि पुण्यामुंबईचे लोक महिना महिना आधी फोन करून विचारतात, "ताई, आम्ही चौदा जण आहोत, दोघींना जमिनीवर झोपता येत नाही, तिसरा मुक्काम कुठं टाकू?" मी सांगते आणि ते मुकाट्यानं ऐकतात. हसाल तुम्ही. भाकऱ्या थापायला म्हणून घरात ठेवून घेतलेली पोरगी लोकांचे मुक्काम ठरवते.

तर चौथी ओळ. रतनवाडीच्या पुढचं आपलं जांभळीचं टाकं. तिथं या लोकांनी छापलंय: 'मुक्काम चौथा, अडाण्याची वस्ती.' स्थानिक नाव म्हणून. गावोगाव विचारून आणलीत त्यांनी नावं, कुणाला खोटं तरी कसं म्हणू? आता तिथं जांभूळ उरलं नाही, आणि टाक्याचं खरं नाव घेणारी आमच्या वयाची चार माणसं असतील नसतील. पोरंसोरं गुरं घेऊन निघाली की सरळ म्हणतात, "अडाण्याच्या वस्तीकडं चाललोय." तो अडाणी म्हणजे कोण, हे त्यातल्या निम्म्यांना ठाऊकही नाही. मला ठाऊक आहे.

तुम्ही अडाणी होतात का? अंगठा उठवायचात, हे खरं. पण जागा निवडायची तुमची तऱ्हा मी नंतर कुणातच पाहिली नाही, आणि आता तर दर आठवड्याला एक जाणता माणूस माझ्या अंगणात येऊन मला अक्कल शिकवून जातो. वाटाड्या म्हणून डोंगर चढायला आलेली मंडळी घेऊन जायचात, तेव्हा तंबू लावू द्यायच्या आधी तुम्ही स्वतः जमिनीवर उताणे पडायचात. डोकं कुठल्या अंगाला ठेवलं की बरं वाटतं ते बघायचात, मग कुशीवर वळायचात, मग डोळे मिटून वारा कुठून लागतो ते घ्यायचात. मंडळी पाठीवर बोजे घेऊन उभी, आणि तुम्ही आपले निवांत पसरलेले. कुणी म्हणालंच, "काका, जागा सपाटच आहे की," तर पडल्या पडल्या उत्तर यायचं, "डोळ्याला सपाट हाय. पाठीला इचारू द्या जरा." बेहड्याच्या झाडाखाली नाही, आग्या मोहोळ दिसलं तर त्या बाजूला चूलही नाही, गुरांच्या पायवाटेवर नाही. शिमग्यानंतर कुठल्या टाक्यात पाणी धरतं आणि कुठलं नुसतं शेवाळ दाखवतं, ते सगळं डोक्यात. मी आज फोनवर जे सांगते त्यातलं निम्मं तुमचं आहे, आणि लोक म्हणतात ताईंचा अभ्यास दांडगा.

पण तुमची आरती ओवाळायला मी हे लिहीत नाहीये. राग आहे मला, नाना. अजून आहे. तुम्हाला परक्या माणसाची पाठ कळायची, घरातली नाही. मंडळी यायची त्या दिवशी आई आणि मी पहाटेपासून चुलीपुढं. नागलीच्या भाकऱ्यांची चळत, पिठल्याचं पातेलं, खुरासणीची चटणी, आणि तुमचं बाहेरून सारखं, "झालं का? मानसं भुकेजली." माणसं म्हणजे ती. आम्ही कोण होतो? दहावीच्या वर्षी पन्नास पन्नास भाकऱ्या थापून मी शाळेत जायचे, आणि बाकावर बसल्या बसल्या डोळा लागायचा. तरी वर्गात पहिली यायचे. त्याचं कौतुक तुम्ही केलंत ते एवढंच, की राजूरच्या बाजारातून निळं पेन आणलंत आणि म्हणालात, "आता मंडळींची नावं तू लिवत जा." दिलंत तेही तुमच्याच कामाला. मी ते पेन उशाशी घेऊन निजायचे, हे तुम्हाला कशाला कळेल!

आता त्या दिवसाचं. तुम्ही तुमच्या अंगानं तो आठवत असाल, म्हणून मी माझ्या अंगानं सांगते. मार्गशीर्ष आहे, अंगणात ऊन आलंय. पुण्याच्या मंडळींचे एक लीडर, ते जाड चष्मेवाले, पुढच्या हप्त्यात स्वतः धरून अकरा जण येणार म्हणून सगळं ठरवायला आलेत. तुमच्या टाचेत काटा मोडलाय, पाय भोपळ्यासारखा सुजलाय, तुम्हाला बरोबर जाता येणार नाही. ते म्हणतात, "काका, मग निदान मुक्काम लिहून द्या, आम्ही जाऊ आमचे आमचे." मी चहा घेऊन बाहेर येते. ते विचारतात कितवीला, मी सांगते, कुठल्या विषयात किती मार्क तेही सांगते. ते तुमच्याकडं वळून म्हणतात, "मुलगी हुशार आहे हो. अकोल्याला कॉलेजला घाला, वसतिगृह आहे तिथं." माझे कान नुसते तापलेत. गेला महिनाभर मी आईच्या मागं लागलेय तेच तर हे, आणि आज ते परक्याच्या तोंडून आलंय, म्हणजे तुम्ही नाही म्हणणार नाही.

आणि तुम्ही म्हणता, "शिकून कुठं जायाचंय तिला? तुमच्या मंडळींच्या भाकरी कोन थापील मंग?"

ते हसले. तुम्ही हसलात. ओट्यावर तंबाखू मळत बसलेला शेजारीही हसला. थट्टाच होती, मला कळत नव्हतं असं नाही. पण थट्टेत तुम्ही माझा निकाल लावून मोकळे झालात, आणि लगेच, माझ्याकडं न बघताच म्हणालात, "जा, वही आन. लिवून घे."

मी वही आणली. निळं पेन आणलं. तुम्ही सांगत गेलात आणि मी लिहीत गेले. "पैली वस्ती रतनवाडी. दुसरी वस्ती जांभळीचं टाकं. तिसरी वस्ती कुमशेत." पाणी कुठं, चढ कुठं, डाव्या हाताची नाळ, ती खोल घळ, सोडून द्यायची, सगळं. पान फाडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते घडी करून खिशात घातलं आणि म्हणाले, "अक्षर सुरेख आहे."

वस्ती. आपल्याकडं वस्ती म्हणजे रात्र काढणं. राजूरला रात्री थांबते ती वस्तीची एसटी. लेक माहेरी येते ती दोन दिवस वस्तीला. कुठंही पाठ टेकली की ती वस्ती झाली, मग तिथं घर असो नाहीतर दगड. तुम्ही तिन्ही ठिकाणांना तेच म्हणालात आणि तुमच्या परीनं ते शंभर टक्के बरोबर होतं. पुण्याच्या माणसाला वस्ती म्हणजे घरं. दहा-पाच उंबरे, धूर, कुत्री, हाक मारली की ओ देणारं कुणीतरी. त्यांनी रतनवाडीला वस्ती पाहिली, तिथं घरं होती, जेवण झालं, गोधड्या मिळाल्या. मग त्यांनी शहाणपणा केला. पुढंही वस्तीच आहे म्हटल्यावर ओझं कशाला वाहायचं? तंबू, शिधा, स्टोव्ह सगळं टेम्पोत टाकून पाचनईला पुढं पाठवून दिलं, आणि पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन निघाले.

टाक्यावर पोचले तेव्हा चार वाजले होते म्हणे. घर नाही, दार नाही. टाकं, जांभूळ आणि वारा. त्यांना वाटलं आपण चुकलो, वस्ती इथंच कुठंतरी खाली असणार. ते घरं शोधायला फाकले. त्यातले बँकेत नोकरीला असलेले एक उंच गृहस्थ धूर दिसला म्हणून डाव्या हाताच्या नाळेत उतरले. धूर कसला, दुपार कलली की तिथून धुकं वर येतं. दोन पुरुष उंचीवरून ते दगडावर पडले आणि मांडीचं हाड मोडलं. बाकीच्यांनी आहे त्या कपड्यांत थंडीत रात्र काढली.

सकाळी निरोप आला तेव्हा तुम्ही त्या सुजलेल्या पायानं वर गेलात. आई अडवत होती. त्यांना घोंगडीच्या झोळीत घालून चौघांनी खाली आणलं, आणि पुढचा दांडा तुमच्या खांद्यावर होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. जीप संगमनेरला गेली आणि मग आपल्या अंगणात ते चष्मेवाले तुमच्यासमोर उभे राहिले. हातात तेच पान.

"इथं वस्ती लिहिलंय! कुठाय वस्ती?"

"व्हय, वस्तीच हाय ती. पानी हाय, आडोसा हाय, पाठीला जागा चांगली हाय. आजून काय पायजे?"

"अहो, घरं कुठायत? माणसं कुठायत तिथं?"

"मानसं?" तुम्ही खरंच गोंधळला होता. "तुमी हुता की अकरा."

गाव जमलं होतं, ते हसलं. तुमची बाजू बरोबर म्हणून हसलं, पण त्या हसण्यानं चष्मेवाल्यांचा तोल गेला. तोंडाला येईल ते बोलले. "अडाणी माणूस! तुमच्या अडाणीपणापायी आज एक जीव गेला असता. कुणी लिहिलंय हे?" मी दाराच्या फळीला धरून उभी. अक्षर माझं, त्यांनीच सुरेख म्हटलेलं. तुम्ही एकदा माझ्याकडं पाहिलंत आणि म्हणालात, "लिवणाऱ्याचं काय न्हाई त्यात. सांगितलं मी."

त्या वाक्यानं तुम्ही मला वाचवलंत आणि त्याच वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. आदल्या हप्त्यात चारचौघांत माझी किंमत भाकरीएवढी केलीत, आणि आता चारचौघांत मला पाठीशी घालताय. मला शिव्या दिल्या असत्यात तर हिशेब तरी फिटला असता. तुम्ही काहीच बोलला नाहीत. नंतरही नाही. ना त्या रात्री, ना पुढं कधी. एकदा विचारलं असतंत तर! पोरी, तू शिकलेली, तुला तरी काय वाटलं हुतं, असं एकदा. पण मला विचारावं असं तुम्हाला वाटलंच नाही, कारण मला काही कळत असेल हेच तुमच्या गावी नव्हतं.

मग काय झालं ते दोघांनाही ठाऊक आहे. त्या गृहस्थांचा पाय आखूड झाला. बातमी पुण्यात फिरली आणि आपल्याकडं मंडळी यायची बंद झाली, कुमशेतच्या लोकांकडं जायला लागली. त्याच वर्षी तुम्ही माझं लग्न उरकलंत, या डोंगराच्या या अंगाला दिलंत. कॉलेजचा विषय कुणी काढला नाही. भाकऱ्या थापायची गरज संपली तरी मला कुणी अकोल्याला पाठवलं नाही, बघा. आणि तुम्ही पन्नाशी उलटल्यावर नारायणगावला टोमॅटो तोडायला जायला लागलात. ज्या माणसाला रतनगडाचा दगड न् दगड ओळखायचा, तो सकाळी बाजारात मजूर म्हणून उभा राहायचा. भेटलात की तेच तेच. "वस्ती म्हंजी वस्ती. त्यात माझं काय चुकलं?" समोर जो येईल त्याला विचारायचात. लोक मान डोलवायचे आणि मागं हसायचे. टाक्याला नाव पडलं ते तेव्हाच, आणि ते आपल्याच लोकांनी पाडलं, पुण्याच्या नाही.

गेल्या महिन्यात भंडारदऱ्याला दोन दिवसांचं शिबिर होतं, या वाटेवर सोय ठेवणाऱ्यांसाठी. शिकवणारे सर तरुण, बोलायला गोड. मुक्कामाची माहिती देताना शब्द कसा नेमका हवा, हे सांगताना त्यांनी गोष्ट सांगितली. "इथलाच एक अडाणी वाटाड्या होता. त्यानं जंगलाला वस्ती लिहून दिलं आणि एक माणूस मेला." मेला म्हणे! माणूस अजून पुण्यात काठी घेऊन फिरतोय. आणि तुम्ही लिहून दिलंत म्हणे, तुम्ही, ज्यांना पेन कुठल्या टोकानं धरतात ते माहीत नव्हतं. चाळीस माणसं खो खो हसली. उठून सांगावं एवढं मला कळत होतं. मी पुढ्यातल्या वहीत खाली मान घालून लिहीत राहिले, आणि शेजारच्या बाईनं माझ्याकडं पाहिलं तेव्हा, नाना, मीही हसले.

आणि त्यावर ही यादी आली. आज सकाळी मी पट्टी धरून 'अडाण्याची वस्ती' खोडलं आणि वर 'जांभळीचं टाकं' लिहिलं. घरं नाहीत, तंबू आठ, पाणी शिमग्यापर्यंत. सगळं भरलं. पण या लोकांच्या कागदाला शेवटचा एक रकाना आहे, 'बदलाचं कारण'. ते भरल्याशिवाय बदल धरत नाहीत, मी फोन करून विचारलं. "काहीही लिहा ताई, पण खरं लिहा, आम्ही गावात विचारून खात्री करतो," म्हणाले. खरं लिहायचं तर एका ओळीत मावत नाही, म्हणून हा दुसरा कागद घेतला. आणि इथवर येऊन बघते तर यातही मी खरं लिहिलेलं नाही.

नववीत असताना गुरुजींनी निबंध लिहायला दिला होता, सुट्टीत काय केलं यावर. मी लिहिलं, 'मामाकडे दोन दिवस वस्तीला गेले.' गुरुजींनी त्या शब्दाभोवती तांबड्या शाईनं गोल केला आणि सगळ्या वर्गापुढं मला उभं करून सांगितलं, "वस्ती म्हणजे घरं. तुला म्हणायचंय मुक्काम. बाहेरचा माणूस वाचेल तर तुझ्या मामाचा पत्ता शोधत बसेल." पोरं हसली. असा शब्द माणूस विसरतो होय? तुम्ही "दुसरी वस्ती जांभळीचं टाकं" म्हणालात तेव्हा माझं पेन थांबलं होतं. तुम्ही विचारलंत सुद्धा, "काय झालं, शाई सरली का?" मी म्हटलं नाही. चष्मेवाले चहा पीत समोर बसले होते, तुमच्या थट्टेवर अजून हसत होते, आणि माझ्या मनात आलं, जाऊ दे. होऊ दे यांची जरा फजिती. तुमचीही. मी तुमचा शब्द तस्सा लिहिला, ठसठशीत, वळणदार. कुणाचं हाड मोडावं असं काही मनात नव्हतं. पण चुकून लिहिलं नव्हतं, नाना.

आणि तुम्ही कधी विचारलंच नाही असं मी वर लिहिलंय, ते खोटं आहे. विचारलं होतंत. शेवटच्या वर्षी नारायणगावहून येताना माझ्याकडं दोन दिवस राहिला होतात. मी अंगणात पातेलं घासत होते, तुम्ही पायरीवर बसला होतात, आणि लोकांना विचारायचात तसं नाही, अगदी हळू, लाजल्यासारखं विचारलंत, "पोरी, तुमच्या शाळंत वस्ती म्हंजी काय दुसरं शिकवत्यात का गं?"

मी म्हणाले, "न्हाई नाना. तेच शिकवत्यात."

तुम्हाला किती बरं वाटलं होतं.